डॉन जुआनचे काका

आपल्याकडे दिवाळीच्या पणत्या लागतात त्याच सुमारास, नोव्हेंबरच्या आरंभी, स्पेनमध्ये मृतांचे स्मरण करतात. आणि त्या दिवसांत होसे थोरिल्या यांचे १८४४ सालचे ‘दोन हुआन तेनोरिओ’ हे नाटक रंगभूमीवर आणण्याची तिकडे जुनी प्रथा आहे. आपण ज्याला डॉन जुआन म्हणतो, तोच हा गृहस्थ!

त्याचे नाव आपण शिवी म्हणून नव्हे, शाबासकी म्हणून घेतो. परवा शिक्षकांच्या खोलीत एका तरुणाची गोष्ट निघाली. लग्नाचे वचन देऊन त्याने एका मुलीला वाऱ्यावर सोडले होते. एक वडीलधारे मिशीत हसून म्हणाले, “पठ्ठ्या डॉन जुआन दिसतो!” सारे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज वाटली, म्हणून हा लेख.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. स्पॅनिश मला येत नाही. परंतु १६३० च्या सुमारास छापलेले मूळ नाटक मी भाषांतरातून वाचले आहे. परंपरेने ते तिर्सो द मोलिना या मठवासी धर्मोपदेशकाच्या नावावर आहे. त्यात हुआनला नाव दिले आहे ‘बुर्लादोर’. म्हणजे रसिक नव्हे, ठकसेन!

त्याचा पराक्रम तरी काय? इसाबेला आणि आना या दोघींकडे तो अंधारात दुसऱ्याचे सोंग घेऊन गेला. आनाने ते ओळखून आरडाओरडा केला, तेव्हा धावून आलेल्या तिच्या बापाला त्याने ठार मारले. तिस्बेआ या कोळणीने बुडत्या जहाजातून आलेल्या या माणसाला आसरा दिला. तो तिला लग्नाचे वचन देऊन, तिनेच वाढवलेल्या घोड्या घेऊन पळाला. अमिंता तर बोहल्यावरची शेतकरीण. तिलाही वचनच! याला मोहिनी म्हणायचे, तर खोट्या नाण्याला सोने म्हणावे लागेल.

परंतु मला खरा राग आहे तो त्याच्या काकांचा. नेपल्सच्या राजवाड्यात इसाबेला ओरडली, तेव्हा चोराला धरण्याचे काम राजाने नेमके हुआनच्या काकांवर, स्पेनच्या वकिलावर सोपवले. काकांनी पुतण्याला सज्जातून पळवून लावले. कैद झाली ती इसाबेलाला! पुढे बाप दरबारातला बडा अधिकारी म्हणून कॅस्टिलच्या राजानेही त्याला संभाळून घेतले. जिवंत माणसांपैकी कुणीच न्याय केला नाही. म्हणूनच मेलेल्या बापाच्या दगडी पुतळ्याला उठून त्याचा हात धरावा लागला.

नंतरच्यांनी त्याला सजवले. मोझार्टच्या १७८७ सालच्या संगीतिकेत नोकर यादी वाचतो, एकट्या स्पेनमधल्या १००३ बायका! प्रेक्षक आकड्याला हसतात. आकड्याला चेहरा नसतो ना! थोरिल्यांनी तर फसवल्या गेलेल्या इनेसच्याच प्रेमाने त्याला स्वर्गात पोचवले. म्हणजे पाप त्याचे, पुण्य मात्र तिने मोजायचे!

“मास्तर, कलेत नीती आणू नका,” असे कुणी म्हणेल. बुवा, मी आणली नाही. मुळात होती ती नंतर पुसली गेली, एवढेच माझे म्हणणे.

वाचकहो, फराळाच्या ताटाभोवती अशा एखाद्या पठ्ठ्याची गोष्ट निघेल. हुआन व्हायला दुष्टपणा लागतो. काका व्हायला नुसते हसणे पुरते. त्या दिवशी मी काका झालो होतो. तुम्ही होऊ नका.