पाऱ्यापलीकडची थंडी

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरला ‘चिल्ला-ए-कलां’ सुरू होतो. कडाक्याच्या थंडीच्या या चाळीस दिवसांत श्रीनगरचे नळ गोठतात, दल सरोवरावर बर्फाचा थर धरतो. त्याच महिन्यात चेन्नईत छत्री लागते, तर मुंबईत दुपारी पंखा बंद करवत नाही. देश एक असला, तरी त्याचा हिवाळा एक नाही. म्हणूनच हिवाळ्यातील आरोग्याची काळजीही सगळीकडे एकच असू शकत नाही.

या फरकाचे कारण भूगोलात आहे. मध्य आशियातील गोठवणारी हवा हिमालय बऱ्याच अंशी अडवतो. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ डोंगरांत बर्फ आणि मैदानांत पाऊस देतात. ते पुढे सरकले की आकाश निरभ्र होते, उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरतात आणि नाशिक, निफाड, खानदेश गारठतात. दक्षिणेत मात्र ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तमिळनाडूला भिजवतात. किनाऱ्यावर समुद्र रात्रीचे तापमान फार उतरू देत नाही.

म्हणूनच हवामान विभागाचे थंडीच्या लाटेचे निकषही वेगवेगळे आहेत. किमान तापमान मैदानी भागात १० अंश किंवा त्याखाली आणि डोंगराळ भागात शून्य किंवा त्याखाली गेल्यावर लाटेचा विचार होतो. किनारपट्टीवर १५ अंशही पुरेसे ठरतात. मात्र तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरलेले असावे लागते. शरीर ज्या हवेला सरावलेले असते, त्या हवेच्या तुलनेतच थंडी बाधते, हे या निकषांनी मान्य केले आहे.

धोकेही जागेप्रमाणे बदलतात. काश्मीर आणि उत्तर भारतात बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी जीव घेते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. गंगेच्या मैदानात जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली झाकणाखाली कोंडावी तशी अडकते. तिच्यात धूर आणि धुके मिसळले की दम्याच्या रुग्णांचे हाल होतात. तमिळनाडूत पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूचे डास वाढतात.

सौम्य थंडीही निरुपद्रवी नसते. गारठ्यात त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १३ देशांच्या अभ्यासात ७.२९ टक्के मृत्यूंचा संबंध थंडीशी, तर ०.४२ टक्के मृत्यूंचा उष्णतेशी आढळला. थंडीशी निगडित मृत्यूंपैकी बहुतेक टोकाच्या नव्हे, तर मध्यम थंडीतले होते. त्या १३ देशांत भारत नव्हता. तरीही लाटेचा इशारा आल्यावरच जागे व्हायचे, ही सवय किती अपुरी आहे, हे त्यातून दिसते.

महाराष्ट्रात याची झळ कोणाला बसते, हे शोधावे लागत नाही. उसाचा गळीत हंगाम ऐन थंडीत असतो. ऊसतोड मजूर लहान मुलांसह कोपीत झोपतात आणि उजाडण्यापूर्वी दहिवराने भिजलेल्या फडात उतरतात. शहरांत बांधकाम मजूर आणि पदपथावर राहणाऱ्यांची रात्रही उघड्यावरच जाते. पारा ११ अंशांवर असला, तर कागदोपत्री थंडीची लाट नसते; पण कोपीतल्या तान्ह्या बाळाला त्या एका अंशाने ऊब मिळत नाही.

रात्रनिवारे, ब्लँकेटवाटप आणि मजुरांच्या तळांवरील आरोग्य तपासणी यांचे वेळापत्रक लाटेच्या घोषणेवर नव्हे, तर त्या त्या जिल्ह्याच्या हिवाळ्यावर बेतायला हवे. आता हवामान खात्याचा अंदाज जिल्हावार मिळतो. आरोग्य यंत्रणेची तयारीही तशीच जिल्हावार असली पाहिजे.