दवाखान्यात पोचण्याआधी एवढं कराच!

भाजलेलं, उन्हानं कोसळलेलं किंवा विष पोटात गेलेलं माणूस अपघात विभागात आणलं, की आम्ही परिचारिका आधी दोन गोष्टी विचारतो. काय झालं? आणि घरी काय केलंत?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा जखमेवरच दिसतं. हळद, टूथपेस्ट, तूप, शाई. तुम्ही ते मायेनंच लावलेलं असतं. पण ते सगळं धुऊन काढल्याशिवाय जखम किती खोल आहे ते कळत नाही. भाजलेल्या लेकराच्या यातना त्यानं दुप्पट होतात.

म्हणून भाजलं की आधी पाणी! भाजलेला भाग नळाखाली धरा. साधं गार पाणी, पूर्ण वीस मिनिटं. नळाला पाणी नसेल तर तांब्यानं ओता. बर्फ लावू नका. बांगड्या, अंगठी, पैंजण सूज येण्याआधी काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. फोड फोडू नका. मग धुतलेलं सुती कापड सैल पांघरा. अंगावरचे कपडे पेटले असतील तर माणसाला पळू देऊ नका. जमिनीवर आडवं करा, लोळवा, जाड सतरंजीनं आग विझवा. आग विझली की लगेच पाणी ओता.

उन्हाला हलकं समजू नका. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानावर सोहळ्याला आलेली माणसं उष्माघातानं दगावली. विदर्भात तर पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. शेतावर, बांधकामावर, लग्नाच्या मांडवात कुणी बरळू लागलं, तोल जाऊ लागला, अंग चटके बसावेत इतकं तापलं, तर ती साधी चक्कर नाही. आतून मेंदू, मूत्रपिंडं होरपळत असतात.

थांबू नका. सावलीत न्या. कपडे सैल करा. अंगावर पाणी ओता, वारा घाला. मानेवर, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंग गार करत राहा.

विष तर आपल्याच घरात, हाताशी असतं. शीतपेयाच्या बाटलीत रॉकेल, खाटेखाली फवारणीचं औषध, फळीवर उंदराचं औषध. लहान मूल तहानलं की बाटली तोंडाला लावतं. २०१७ साली यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर प्राणाला मुकले. औषध नुसतं पोटातून नव्हे, कातडीतून आणि श्वासातूनही भिनतं.

फवारणी करताना मळमळलं, घाम फुटला, लाळ गळू लागली, तर काम तिथेच सोडायला लावा. भिजलेले कपडे उतरवा. अंग साबणानं धुवा, पण स्वतः हातमोजे घालून. विष पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. रॉकेल फुप्फुसात उतरतं, अ‍ॅसिड वर येताना पुन्हा जाळतं. औषधाची बाटली किंवा पुडा सोबत आणा. त्यावरच्या नावावरून उतारा ठरतो. आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबू नका. काही उंदीरनाशकांनी पहिला दिवस माणूस धडधाकट दिसतो, पुढे यकृत बंद पडतं.

कुणी मुद्दाम घेतलं असेल तरी लपवू नका. लोक काय म्हणतील, पोलीस काय विचारतील, हे नंतर. आम्हाला खरं सांगा. आम्ही दोष देत नाही, उपचार करतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही अशा माणसाला शिक्षा नव्हे, आधार देऊ केला आहे.

तुम्ही शेजाऱ्याच्या लेकरासाठीही धावणारी माणसं आहात. ती धाव योग्य दिशेनं जाऊ द्या. आज रात्री झोपण्याआधी विषारी बाटल्या कुलपात ठेवा. घरातल्या प्रत्येकाला १०८ पाठ करायला लावा. आजीला, सासूबाईंना, मुलांना सांगा : भाजलं तर पाणी, ऊन लागलं तर गारवा, विष गेलं तर बाटली घेऊन थेट दवाखाना. उपचार आम्ही करू. पण पहिली काही मिनिटं तुमच्याच हातात आहेत. ती वाया घालवू नका!