महानदीच्या सोबतीने समुद्रापर्यंत
रायपूर ते कोणार्क : दोघांसाठी पाच दिवसांची मोटारसहल

रायपूरच्या मराठी घरांत सुट्टी म्हटली की गाडीचे तोंड आपोआप नागपूरकडे वळते. तिथून कुणी अमरावतीला जाते, कुणी पुण्याला. निमित्त लग्नाचे, मुंजीचे, नाहीतर आजारी नातलगाला भेटण्याचे. पतीला तिथे चार दिवस आराम मिळतो. पत्नी मात्र एका स्वयंपाकघरातून निघते आणि दुसऱ्या स्वयंपाकघरात पोहोचते. मुले शिकायला बाहेरगावी गेली आणि घरात दोघेच उरले, की मग जाणवते की इतक्या वर्षांत आपण दोघेच असे कुठे गेलोच नाही.

अशा जोडप्यांनी एकदा गाडी पूर्वेकडे वळवून पाहावी. कोकणचा किनारा रायपूरहून फार लांब. पुरी-कोणार्कचा समुद्र मात्र सहाशे-सव्वासहाशे किलोमीटरवर आहे. आणि या वाटेवर महानदी पुन्हा पुन्हा भेटत राहते.

नदीच्या वाटेने

धमतरी जिल्ह्यातल्या सिहाव्याच्या डोंगरात उगम पावणारी महानदी सुमारे साडेआठशे किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. रायपूर सोडल्यावर आरंगच्या पुढे तिचा पहिला पूल लागतो. महामार्गापासून थोडी वाकडी वाट केली, की तिच्याच काठी सिरपूर आहे. तिथले सातव्या शतकातले विटांचे लक्ष्मण मंदिर आजही उभे आहे. डबा तिथेच सोडावा.

पहाटे निघून रात्री पुरी गाठता येते, असे सांगणारे शेजारी भेटतील. त्यांचे ऐकू नये. बारा-तेरा तास गाडी हाकून पोहोचलेल्या माणसाचे पुढचे दोन दिवस चिडचिडीत जातात, आणि रात्रीच्या वेळी मालमोटारींच्या रांगेत गाडी चालवणे धोक्याचेही आहे. पहिला मुक्काम संबलपूरला करावा. संध्याकाळी हिराकूड धरण पाहता येते. १९५७ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या या धरणाचा मुख्य बांध ४.८ किलोमीटरचा आहे. सकाळी ओलांडलेली नदी इथे समुद्रासारखी पसरलेली दिसते. संबलपुरी साडीची खरेदीही याच गावी उरकून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी अंगुलमार्गे कटक. हा कोळशाच्या वाहतुकीचा रस्ता, म्हणून सकाळी लवकर निघावे. कटकहून भुवनेश्वरला जाताना पहाळ लागते. रसगुल्ल्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. तिथे थांबले नाही तर प्रवास पुरा झाला असे म्हणता येत नाही. संध्याकाळपर्यंत पुरी येते.

पस्तीस किलोमीटरचा आनंद

पुरी ते कोणार्क हा सागरी मार्ग जेमतेम ३५ किलोमीटरचा. एका बाजूला बालुखंड अभयारण्याची झाडी, दुसऱ्या बाजूला सुरूच्या बनातून मधूनच डोकावणारा समुद्र. ३ मे २०१९ ला फनी चक्रीवादळ पुरीजवळ किनाऱ्यावर धडकले, तेव्हा इथली असंख्य झाडे आडवी झाली.

मराठी माणसाला समुद्रात बुडणारा सूर्य ठाऊक असतो. इथे तो समुद्रातून वर येतो. तो पाहण्यासाठी कोणार्कजवळच्या चंद्रभागा किनाऱ्यावर उजाडण्यापूर्वी पोहोचायला हवे. डिसेंबरात सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास होतो. त्यासाठी पुरीहून पाचलाच निघावे, पण वेग कमी ठेवून. अभयारण्यातली हरणे रस्त्यावर येतात.

परतताना रामचंडी मंदिराजवळ गाडी थांबवावी. इथे कुशभद्रा नदी समुद्राला मिळते. नकाशा उघडून पाहिला तर कळते की कटकजवळ महानदीपासून फुटलेल्या प्रवाहांपैकीच ही एक आहे. म्हणजे आरंगच्या पुलाखालून गेलेले पाणी इथवर आलेले असते.

पुरीच्या जगन्नाथ मंदिरासमोर अरुणस्तंभ दिसेल. तो मुळात कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढचा. १७५१ पासून १८०३ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्या मराठा अमदानीत हा स्तंभ पुरीला आणला गेला. छत्तीसगडवर राज्य करणारे भोसलेही हेच. रायपूरच्या मराठी जोडप्याला इथे परकेपणा वाटायचे कारण नाही.

चावी कुणाकडे?

अशा सहलीत खरी कसोटी रस्त्याची नसते. कितीतरी बायकांकडे गाडी चालवण्याचा परवाना असतो, पण गावाबाहेर किल्ली हातात येत नाही. पतीने संबलपूरपर्यंतच्या मोकळ्या रस्त्यावर तासभर तरी शेजारच्या आसनावर बसावे, आणि गप्प बसावे. ‘ब्रेक दाब’, ‘हॉर्न दे’ असा धावता उपदेश करू नये. पत्नीनेही ‘मला नाही जमणार’ म्हणून आधीच हात वर करू नयेत. दोघांनी आलटून पालटून गाडी चालवली, तर थकवाही अर्धाच येतो.

मुक्काम निवडणे, पैशांचा हिशेब आणि कुठे थांबायचे हेही वाटून घ्यावे. रस्ता चुकला तर कुणामुळे चुकला याची चर्चा करू नये. आणि दर तासाला मुलांना फोन करायचा मोह आवरावा. मुले सुखरूप असतात.

हे लक्षात ठेवा

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात चक्रीवादळाचा इशारा आहे का, ते पाहूनच निघावे.
• १ ते ५ डिसेंबर या काळात कोणार्कला नृत्यमहोत्सव असतो. राहण्याची सोय आधीच करावी.
• पुरी आणि चंद्रभागा इथे पाण्याला ओढ फार असते. पोहता येत असले तरी खोल जाऊ नये. पुरीला नोलिया जीवरक्षक असतात, त्यांचे ऐकावे.
• जगन्नाथ मंदिरात मोबाईल आणि चामड्याच्या वस्तू नेता येत नाहीत.
• टायर, ब्रेक, जादा चाक आणि फास्टॅगमधली रक्कम आदल्या दिवशी तपासावी.

घरी परतल्यावर दोन दिवस धुण्याचा ढीग असणारच. तोही दोघांनी मिळून उरकला, तर सहल खऱ्या अर्थाने दोघांची झाली असे म्हणता येईल.