उंदीर तो उंदीरच का?

आपल्या मालेगाव-रिसोडकडे सोयाबीन निघून हरभरा पेरला, की बांधाला बिळे दिसू लागतात. आपण म्हणतो, "उंदीर तो उंदीर, त्यात फरक काय पाहायचा?" पण फरक पाहिला तर पीकही वाचते आणि निरपराध जीवही.

आधी दात पाहा. वर दोन, खाली दोन, पटाशीसारखे. ते जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडून झिजवावे लागतात. उंदीर, घूस, खार, साळिंदर हे सारे या कृंतक गणातले. चिचुंद्री मात्र त्यातली नव्हे. ती किडे खाणारी. तिला मारू नका.

काळ्या रानाच्या भेगांत राहतो तो मऊ केसांचा उंदीर. शास्त्रात त्याचे नाव मिलार्डिया मेल्टाडा. धारवाडकडचे वडार लोक त्याला जे म्हणत, त्यावरूनच हे नाव पडले. तिकडे १८२६ साली पाऊस कमी झाला आणि हे उंदीर अतोनात माजले. पेरलेले बी खाल्ले, ज्वारीच्या ताटावर चढून कणसे तोडली. वडारांनी हजारोंनी मारले, तरी कमी झाले नाहीत, असे वॉल्टर इलियट यांनी नोंदवले आहे.

याच उंदराचा एक मोठा भाऊ सिंहगडावर राहतो. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील मिश्रा व धांडा यांनी १९७५ साली तो वेगळी जात म्हणून जगापुढे मांडला. गडाच्या जुन्या नावावरून त्याला 'कोंडाणा' नाव दिले. एक भाऊ रानोरान माजतो, तर दुसऱ्याचा वंशच धोक्यात आहे. दिसायला मात्र दोघे उंदीरच!

तेव्हा औषधाआधी बीळ पाहा. तोंड मातीने बुजलेले आणि बाहेर मोकळ्या मातीचा ढीग असेल, तर घूस समजा. आत धान्याचा साठा सापडेल. मऊ केसांच्या उंदराची बिळे उथळ असतात, खोल नांगरटीने ती मोडतात. झिंक फॉस्फाईड वापरायचेच झाले तर लेकरे, गुरे, कोंबड्या यांच्यापासून दूर ठेवा आणि मेलेले उंदीर खोल पुरा. घुबड अपशकुनी नव्हे; ते तुमच्या शेताचे बिनपगारी राखणदार आहे.