श्रीपादला रात्री चढू नका



श्रीलंकेला निघालेल्या दोघीतिघींनी विचारलं, श्रीपादचा डोंगर आपल्याला झेपेल का? झेपेल. पण सगळे जातात तसं रात्री जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

श्रीपाद २२४३ मीटर उंच. माथ्यावरचं पाऊल बौद्ध लोक बुद्धाचं मानतात, हिंदू शंकराचं, मुसलमान आणि ख्रिस्ती आदमचं. नल्लथन्नी गावाकडून साधारण साडेपाच हजार पायऱ्या आहेत. सूर्योदय आणि डोंगराची त्रिकोणी सावली बघायला लोक रात्री दोनला निघतात. फेब्रुवारीत आम्हीही निघालो. "शिखरजी पायी केलंय, हे काय!" असं मी जाऊबाईंना ऐकवलंही होतं.

आता हिशेब बघा, बी.कॉम. केल्याचा एवढा तरी उपयोग. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमाराला, तेव्हापासून चौविहार. सकाळी नवकारशी यायला सव्वासात. म्हणजे तेरा तास पाण्याचा थेंब नाही आणि त्यातले चार तास चढ! शेवटी पायऱ्या एकदम उभ्या होतात. तिथे मला अंधारी आली, कठडा धरून खाली बसले. जाऊबाईंनी बाटली पुढे केली, मी नाही म्हटलं. त्या बिचाऱ्या रडायलाच लागल्या. घामाने भिजलेले कपडे, वर गार वारा, आणि परक्या देशात अंधारात एकटी बाई मला सांभाळत बसलेली. पचक्खाण पाळलं, पण त्यांना तसं रडवायचा मला काय अधिकार होता? सूर्योदय त्याच पायरीवरून पाहिला. माथा राहिला.

म्हणून सांगते, मुक्काम नल्लथन्नीलाच करा. सकाळी नवकारशी पारून, पोटभर पाणी पिऊन निघा. सूर्योदय हुकेल, ऊन लागेल, दुपारी माथ्यावर ढगही येतील. येऊ द्या. बरोबर पाणी घ्या, घोट घोट पीत चढा आणि उजेडात खाली या. उतरताना गुडघे जास्त बोलतात, काठी हवीच. शिखरजी-गिरनारसारखी डोली मला तिथे कुठे दिसली नाही.

यात्रेचा हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत. एरवी पाऊस, वारा, दुकानं बंद. हंगामातही पौर्णिमा आणि शनिवार-रविवार टाळा, पायऱ्यांवर रांग लागते.

आणि हो, वाटेवरच्या दुकानात रोटीबरोबर ओल्या नारळाची लालसर चटणी देतात, पोल सांबोल. दिसते आपल्यासारखी, पण तिच्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा असतो. खाकरे घरूनच न्या.

जाऊबाई म्हणतात, पुढच्या जानेवारीत परत जाऊ, दिवसा. यांनी अजून होकार दिलेला नाही.