सर्व्हिस स्टेशन, मामा आणि सात-एफ-एकतीस-तेहतीस

लोकांचा शनिवार मॉलमध्ये, ट्रेकवर नाहीतर पांघरुणात जातो. माझा गेली दोन वर्षं चिंचवडच्या एका गॅरेजमध्ये जातो. गाडी दुरुस्त करून घ्यायला नाही, करायला. ऑफिसातले विचारतात, "हॉबी का?" आई विचारते, "एवढं शिकवलं ते याच्यासाठी?" दोघांनाही धड उत्तर देता येत नाही, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

गॅरेजच्या पाटीवर अजून 'सर्व्हिस स्टेशन' असंच रंगवलेलं आहे, खाली 'वॉशिंग, ग्रीसिंग, ऑइल चेंज'. आजूबाजूच्या कॉलन्यांत कारखान्यांत कामाला जाणारी माणसं राहायची. दारात एक स्कूटर, आणि महिना-दोन महिन्यांनी ती इथे धुवायला यायची. पाण्याचा पंप, सिमेंटचा रॅम्प आणि ग्रीस गन, एवढ्यावर धंदा चालायचा. मग बोअरचं पाणी गेलं. स्कूटरीही गेल्या (बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं). मामांनी रॅम्पवर पत्रे टाकले, पाने मांडले आणि रिपेअरिंग सुरू केलं. रॅम्प अजून आहे. त्याच्यावर बसून आम्ही डबा खातो.

मामा म्हणजे माझे मामा नव्हेत, अख्ख्या एरियाचे. शिक्षण दहावी. माझी मेकॅनिकलची डिग्री आहे आणि नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. पुण्यात हे काही नवीन नाही :)

पहिले तीन महिने त्यांनी मला एकही नट सोडू दिला नाही. कार्ब्युरेटरचे पार्ट पेट्रोलमध्ये धुवायचे, सांडलेल्या ऑइलवर भुसा टाकायचा, मागितला की दहा-अकराचा पाना हातात द्यायचा. (तोपर्यंत मी सीनियर इंजिनिअर झालो होतो, हे नम्रपणे नमूद करतो.) चौथ्या महिन्यात टॅपेट सेट करायला दिले. फोर स्ट्रोक इंजिनाच्या आकृत्या परीक्षेत इतक्यांदा काढल्यात की झोपेतही काढीन. पण व्हॉल्व्हच्या फटीत फीलर गेजचं पातं घालून ते किती अडतंय हे बोटांना कळणं वेगळं. "ढिलं नको, दाटही नको," एवढंच मामा म्हणतात. ती तेवढी फट बोटांत उतरायला मला चार गाड्या लागल्या. त्यातली एक माझी स्वतःची होती, हे त्या बाकीच्या तीन मालकांचं नशीब.

पण मला तिथे बांधून ठेवलं ते पान्यांनी नाही, मामांच्या प्रश्नांनी. एक उदाहरण देतो.

एक जण जुनी शंभर सीसीची बाईक घेऊन आला. चालता चालता बंद पडते, दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू होते. दुसरीकडे दाखवून झालं होतं. तिथे नवा प्लग टाकला, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर साफ केला, दोनेक हजार गेले. आमच्या भाषेत इंटरमिटंट बग. आमच्याकडे असा बग आला की पहिल्यांदा "माझ्या मशीनवर तर नीट चालतंय" म्हणायचं, मग रिस्टार्ट करायचं, मग टेस्टिंगवाल्यांवर ढकलायचं. मामांनी गाडीला हातच लावला नाही. विचारलं, "टाकी फुल्ल असताना लवकर बंद पडते का अर्धी असताना?" तो म्हणाला फुल्ल असताना. "मध्ये वॉशिंग केलं होतं का? पॉलिश?" केलं होतं. मग म्हणाले, "एक चक्कर मारून या, आणि बंद पडली की किक मारू नका, फक्त टाकीचं झाकण उघडा."

माणूस वीस मिनिटांनी हसत परत आला. झाकण उघडताना फुस्स आवाज झाला आणि गाडी पहिल्या किकला चालू! झाकणातलं हवेचं बारीक भोक पॉलिशने बुजलं होतं. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी, ती येत नव्हती. पोकळी झाली की पेट्रोल उतरायचं थांबतं. फुल्ल टाकीत हवेला जागा कमी, म्हणून पोकळी लवकर होते. मामांनी टाचणीने भोक मोकळं केलं. पैसे? "चहा सांगा."

ह्याला मी इंजिनिअरिंग म्हणतो. गाडीच्या आत काय चाललंय याचं चित्र डोक्यात आहे, त्यावरून प्रश्न निघतो, प्रश्नावरून प्रयोग, आणि पार्ट सगळ्यात शेवटी. आपण उलटं करतो, आधी पार्ट बदलतो.

आता मूळ मुद्दा, जो लिहायला मी दोन महिने टाळाटाळ करतोय.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ आलं. स्कूटरी-बाईकमधून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला आणि पेट्रोल किती, कधी सोडायचं हे कंट्रोलर ठरवायला लागला. हवेसाठी हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. 'गल्लीतल्या मेकॅनिकला आता हे झेपणार नाही' असं जे आपण सहज बोलून जातो, त्याबद्दल आहे. मामांना झेपलं. पन्नाशीनंतर ते मल्टिमीटर शिकले, स्वस्तातला स्कॅनर घेतला, फोनवर व्हिडिओ बघून सेन्सरचे व्होल्टेज वहीत लिहून ठेवले. वही मी पाहिली आहे. माझ्या टीमची डॉक्युमेंट्स तिच्यापुढे लाजतील.

तर दोन महिन्यांपूर्वी एक स्कूटर आली. इंजिनचा दिवा लागलेला, सिग्नलला बंद पडायची. मामांनी थ्रॉटल बॉडी साफ केली, एक सेन्सर बदलला, वायरिंग तपासलं. सगळं बरोबर. राहिलं एकच काम: कंट्रोलरला 'तुझा जुना हिशेब विसर, नव्याने शिक' असं सांगायचं. स्कॅनर ते सांगेना. मी लॅपटॉप जोडला, निरोप पाठवला. उत्तर आलं: सात-एफ, एकतीस, तेहतीस.

हे उत्तर मी ओळखतो. सात-एफ म्हणजे नकार, एकतीस म्हणजे तुम्ही मागितलेलं काम, आणि तेहतीस म्हणजे 'आधी कुलूप उघडा'. कंट्रोलर एक आकडा देतो, त्यावरून गुप्त सूत्राने दुसरा आकडा काढून परत द्यायचा, मग दार उघडतं. सूत्र कंपनीकडे. सोमवार ते शुक्रवार मी हेच करतो. त्या स्कूटरसाठी नाही, दुसऱ्या गाड्यांसाठी, पण तेहतीस पाठवणारा कोड मी स्वतः लिहिलेला आहे. रिव्ह्यूमध्ये कौतुकही झालं होतं.

कुलपं नकोतच असं मी म्हणत नाही. किल्ली नोंदवणं, किलोमीटरचा आकडा, धुराशी संबंधित सेटिंग, इथे कुलूप हवंच. नाहीतर चोरांची आणि सेकंड-हँड दलालांची दिवाळी. पण साफसफाईनंतरच्या रीसेटला तेच कुलूप का? मी मीटिंगमध्ये विचारलं होतं. उत्तर मिळालं, "रिक्वायरमेंटमध्ये तसंच आहे." मीही पुढे काही बोललो नाही. अप्रेझल जवळ आलं होतं.

आणि हा प्रश्न मला एकट्याला पडलाय असंही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला होता, स्वतंत्र गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि तपासणीची साधनं मिळू देत नाहीत म्हणून. पुढे अपिलं झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. युरोपात २००७ च्या नियमानेच कार कंपन्यांवर दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला द्यायचं बंधन आलं. फुकट नाही, वाजवी पैसे घेऊन. मामा पैसे द्यायला तयार आहेत हो! घेणारी खिडकीच नाहीये.

'मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा की,' असं कोणी म्हणेल. जा, जरूर जा. मीही जातो. पण टाचणीने काम भागतंय हे सांगणारा माणूस तुम्हाला तिथे भेटेल का, ते बघा. काउंटरवरच्या पोराची चूक नाही, त्याला महिन्याचं टार्गेट असतं.

त्या स्कूटरवाल्याला मामांनी शेवटी सर्व्हिस सेंटरला पाठवलं. तिथे पाच मिनिटांत रीसेट झालं आणि मामांनी केलेल्या साफसफाईसकट सगळ्याचं बिल लागलं. मामांनी स्वतःची मजुरी घेतली नाही, म्हणाले, काम पूर्ण कुठे झालं. तो गिऱ्हाईक परत आलेला नाही.

त्या दुपारी रॅम्पवर डबा खाताना त्यांनी मला एकदाच विचारलं, "तुमच्या हापिसात असेल ना रे ती किल्ली?" म्हटलं, "ह्या गाडीची नाही मामा. दुसऱ्या गाड्यांची आहे."

"बरं," म्हणाले, आणि ठेच्याचा डबा माझ्याकडे सरकवला.