केळी वाऱ्यानं पडली, की मुळं आधीच गेली होती?

बुधवारा (बऱ्हाणपूर) : मृगाआधीचा वारा सुटला की तापीकाठच्या बागांतली घड धरलेली केळी आडवी होते आणि सगळा दोष वाऱ्याच्या माथी जातो. मोठ्या वादळात चांगली बागही झोपते, ती गोष्ट वेगळी. पण साध्या वाऱ्यात झाड मुळांसकट उपटून आलं, तर एक मूळ उभं चिरून बघावं. आत तांबूस-काळे पट्टे दिसले तर संशय सूत्रकृमीवर. शेतकरी त्याला निमॅटोड म्हणतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा हा जीव मूळ आतून पोखरतो.

औषध नाही का? आहे, पण त्याचा इतिहास बरा नाही. मध्य अमेरिकेतल्या केळीबागांत नेमागॉन वापरलं गेलं. त्यातल्या डीबीसीपीमुळे पुरुषांना वंध्यत्व येतं, हे 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कारखान्याच्या कामगारांवरून उघड झालं. आपल्याकडे फोरेट 31 डिसेंबर 2020 पासून बंद झालं. कार्बोफ्युरॉनचं 2023 च्या आदेशानंतर फक्त 3 टक्के दाणेदार रूप उरलं.

जपान, कोरियात पाइनच्या झाडांना सूत्रकृमी मारतो, तिथं खोडाला भोक पाडून इमामेक्टिन टोचतात. हेच औषध आपण अळीवर फवारतो! पण केळीचं दुखणं मुळात आहे. औषध मातीत द्यावं लागतं आणि विहीरही त्याच मातीत असते. फ्लुओपायरमसारखी नवी औषधं आली आहेत, मात्र लेबलवर केळी नसेल तर दुकानदाराच्या भरवशावर ठिबकमधून सोडणं महागात पडेल.

टिश्यू कल्चरचं रोप स्वच्छ येतं, हे खरं. पण त्याच शेतात केळीवर केळी आणि वर पिलबाग, म्हणजे रोप स्वच्छ आणि घर घाणेरडं. मुनवे लावणाऱ्यांनी कंद तासून काळा भाग काढावा. निंबोळी पेंड, झेंडू, तागाचा बेवड हे उपाय जुने आहेत. हळू चालतात, पण चालतात.

अडचण एवढीच, की नेहमीच्या माती परीक्षणात नत्र-स्फुरद-पालाश कळतं, सूत्रकृमी कळत नाही. ती मोजणी कृषी विज्ञान केंद्रात वेगळी विचारावी लागते. नमुना झाडाच्या बुंध्याजवळची ओलसर माती आणि थोडी मुळं असा, पिशवीत बांधून, उन्हात न ठेवता न्यावा.